डिमेन्शियाच्या रुग्णाला कुणी विचारलं का?

या ब्लॉगवर एरवी मी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असे विषय समजावून सांगतो. आजचा लेख भांडणाचा आहे. भांडण माझ्या व्यवसायातल्या मंडळींशी आहे, संशोधन करणाऱ्यांशी आहे आणि, राग मानू नका, थोडं तुमच्याशीही आहे.

मुद्दा साधा आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी कोणत्या सेवा हव्यात, ज्या आहेत त्या कशा चालल्या आहेत, याचा अभ्यास होतो तेव्हा सगळ्यांना विचारलं जातं. मुलाला, सुनेला, मुलीला, ब्युरोकडून आलेल्या मावशींना, डॉक्टरला. ज्याच्या अंघोळीचा, जेवणाचा, झोपेचा आणि अख्ख्या दिवसाचा प्रश्न आहे, त्याला मात्र कुणी विचारत नाही. तो त्याच खोलीत खाटेवर बसलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरीकडे जाणार तरी कुठे? त्याच्याविषयीची सगळी चर्चा तो ऐकत असतो.

माझं म्हणणं असं की ही पद्धत चुकीची आहे. माणुसकीच्या दृष्टीने चुकीची आहेच, पण शास्त्राच्या दृष्टीनेही आहे. कशी, ते सांगतो.

आधी आजाराबद्दल थोडं

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरणशक्ती, भाषा, दिशा-वेळेचं भान, हिशेब आणि निर्णय घेण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते, आणि रोजचे व्यवहार अडू लागतात, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हे त्याचं सर्वात जास्त आढळणारं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शियाही आपल्याकडे बराच दिसतो. थायरॉइडचा आजार, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून तपासणी न करता "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

आता यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. डिमेन्शियात सगळं एकदम जात नाही. अल्झायमरमध्ये साधारणपणे नव्या आठवणी आधी जातात. जुन्या आठवणी, सवयी, आवडीनिवडी आणि भावना पुष्कळ काळ टिकतात. "काल दुपारी काय जेवलात?" याचं उत्तर आजी देऊ शकणार नाहीत. पण ताटातली भाजी आवडली की नाही, हे त्या लगेच सांगतील. पहिला प्रश्न आठवणीचा आहे, दुसरा आवडीचा. आपण या दोन्हींत गल्लत करतो. आठवण गेली म्हणजे मत गेलं, असं धरून चालतो.

मोजलं, पण विचारलं नाही

आपल्याकडे या आजारावर अभ्यास झालेच नाहीत असं नाही. मुंबईत डॉ. वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या पुढच्या २४,४८८ लोकांची त्यात पाहणी झाली होती. ६५ वर्षांवरच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण २.४४ टक्के आढळलं. २०२३ मध्ये 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आला: साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. दोन्ही आकड्यांमागची वयोमर्यादा आणि पद्धत वेगळी आहे, त्यामुळे ते शेजारी ठेवून सरळ तुलना करू नका. पण हा आजार दुर्मीळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. असे अभ्यास मोजणीचे असतात. मोजणीशिवाय सरकार पैसा देत नाही, त्यामुळे ते हवेतच.

पुढचा प्रश्न सेवांचा. त्यातला आपल्या जवळचा आणि अतिशय चांगला अभ्यास गोव्यातला. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर तो केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, रुग्णाला कसं हाताळायचं ते शिकवायच्या. सहा महिन्यांनंतर काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं. महागडी यंत्रणा नसताना घरापर्यंत मदत पोहोचवता येते, हे त्यांनी चाचणी करून दाखवलं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

पण त्यात मोजलं काय, ते बघा. काळजी घेणाऱ्याचं मानसिक आरोग्य, त्याच्यावरचा भार, रुग्णाच्या वागण्यामुळे त्याला होणारा त्रास, रुग्णाचं वागणं आणि त्याला जमणारी रोजची कामं. घरी येणारी ही बाई तुम्हाला आवडली का, ती आल्यापासून दिवस बरा जातो का, हे रुग्णाच्या तोंडून ऐकणं त्या मोजमापात नव्हतं. दोष त्या एका अभ्यासाचा नाही. जगभरचा रिवाजच तसा होता आणि अजून बऱ्याच अंशी आहे. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी झारिट नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात २२ प्रश्न आहेत. भार होणाऱ्याबद्दल २२ प्रश्न, आणि ज्याला 'भार' म्हटलं जातं त्याला एकही नाही!

१९९८ मध्ये कोचीला जमलेल्या संशोधकांनी '१०/६६' नावाचा गट स्थापन केला. नावाचा अर्थ असा: डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनातलं १० टक्केसुद्धा त्यांच्याबद्दल होत नाही. ही विषमता त्यांनी जगापुढे मांडली आणि ते योग्यच होतं. माझी तक्रार त्याच्या एक पायरी पुढची आहे. आपल्या वाट्याला जे थोडंसं संशोधन येतं, त्यातही रुग्णाचा आवाज जवळजवळ नसतो.

आणि आवाज ऐकायचा तर भाषा हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या भाषांमधून स्मृती-बुद्धीच्या चाचण्यांचा संच तयार केला, ही फार चांगली गोष्ट झाली. सुरुवातीच्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. लालबागच्या ज्या आजींना हिंदी फक्त बाजारापुरती येते, त्यांची परीक्षा हिंदीतून घेतली तर त्या नापास होणारच. त्यात या आजारात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी विसरल्या जातात आणि माणूस लहानपणच्या बोलीकडे परततो. मग ती मालवणी असेल, साताऱ्याकडची असेल किंवा घाटावरची आणखी कुठली.

"पण घरचे सांगतातच की!"

हा पहिला आक्षेप. घरचे सांगतात, आणि त्यांचं ऐकायलाच हवं. रात्र-रात्र जागणारी सून, नोकरी सोडलेली मुलगी यांचे हाल मी रोज बघतो. त्यांचा आवाज कमी करा असं मी म्हणत नाही.

मात्र घरच्यांचं उत्तर हे घरच्यांचं उत्तर असतं. डिमेन्शियात जीवनमान मोजण्यासाठी रिबेका लॉग्सडन यांनी बनवलेली १३ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती रुग्णालाही विचारतात आणि काळजी घेणाऱ्यालाही. पुन्हा पुन्हा असं दिसलं आहे की रुग्ण स्वतःचं आयुष्य जितकं बरं सांगतो, त्यापेक्षा घरचे ते वाईट सांगतात. काळजी घेणारा जितका थकलेला किंवा निराश, तितकी ही तफावत वाढते. म्हणजे आपल्याला वाटतं आपण आजोबांचं जीवनमान मोजतोय, प्रत्यक्षात सुनेचा थकवाही त्यात मोजला जातो. दोन्ही मोजा, पण वेगवेगळे मोजा. हा झाला शास्त्राचा मुद्दा.

माझ्या दवाखान्यातली दोन उदाहरणं देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लालबागचे एक आजोबा. १९८२ च्या संपात गिरणीची नोकरी गेलेले. घरच्यांची तक्रार अशी की पहाटे उठून घराबाहेर पळतात. फॉर्मवर याची नोंद एका टिकमार्कने होते: 'घर सोडून भटकणे: होय'. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे दाराला वरून कडी आणि झोपेची गोळी. त्यांना विचारलं, "आबा, पहाटे कुठे निघता?" ते म्हणाले, "पाळी चुकेल ना!" त्यांच्या दृष्टीने ते भटकत नव्हते, कामावर निघाले होते. आता मुलगा त्या वेळेला त्यांच्याबरोबर भारतमाता सिनेमापर्यंत चालत जातो. दोघं चहा पितात आणि परत येतात. दिवस शांत जातो. गोळी लागली नाही.

दुसऱ्या एक आजी, गिरगावच्या. चाळीतून पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये गेल्यापासून अंघोळीला नकार. आरडाओरडा, ओरबाडणं. फॉर्मवर: 'अंघोळीस विरोध: होय'. त्यांना बाथरूमच्या दारात उभं करून विचारलं तर म्हणाल्या, "पाणी साचलंय, पडेन मी." डिमेन्शियात खोलीचा आणि रंगांमधल्या फरकाचा अंदाज बिघडतो. चकचकीत टाइल्स ओल्या वाटतात, गडद पट्टा खड्डा वाटतो. खाली साधी, न चकाकणारी रबरी चटई घातली, बसायला स्टूल दिलं, शॉवर बंद करून जुनी बादली आणि तांब्या आणला. भांडण पुष्कळ कमी झालं.

ही माहिती घरच्यांकडे नव्हती, ते कशी देणार? ती ज्यांच्याकडे होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता हेच सेवेच्या पातळीवर बघा. एखादी संस्था डे-केअर काढते. वेळ अकरा ते चार, कारण घरच्यांना ती सोयीची. कार्यक्रमात रोज भजन, कारण म्हातारी माणसं म्हणजे भजन हे आपण ठरवून टाकलेलं. आयुष्यभर रमी खेळलेल्या, युनियनच्या सभा गाजवलेल्या माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं. तो उठून दाराकडे जातो. नोंद होते: 'अस्वस्थ, सहकार्य करत नाही'. महिन्याभरात घरचे पाठवणं बंद करतात. वर्षअखेरीच्या अहवालात लिहिलं जातं की समाजात जागृती कमी आहे. जागृती जरूर कमी आहे. ती कुठल्या बाजूला कमी आहे, हे मात्र अहवालात येत नाही.

"त्यांना काय कळतंय? आणि उत्तरंही बदलतात"

दुसरा आक्षेप. फाइनबर्ग आणि व्हिटलॅच या दोन संशोधक महिलांनी २००१ साली अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. स्मृतीच्या ३० गुणांच्या चाचणीत १३ ते २६ गुण असलेल्या, म्हणजे सौम्य ते मध्यम आजार असलेल्या लोकांना त्यांच्या आवडीनिवडी आणि काळजी कुणी घ्यावी यासारखे प्रश्न विचारले. काही दिवसांनी पुन्हा विचारले. उत्तरं सुसंगत आली. तारीख न आठवणारा माणूस 'मला कुणाबरोबर राहायचंय' हे दोन्ही वेळा सारखं सांगू शकतो.

आणि उत्तरं बदलली तरी काय बिघडलं? तुम्ही-आम्ही दर निवडणुकीला मत बदलतो, तरी मतदानयादीतून कुणी नाव काढत नाही. सकाळी बरं वाटणारी जागा संध्याकाळी नकोशी होते, हीसुद्धा सेवा चालवणाऱ्याला हवी असलेलीच माहिती आहे. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. कदाचित त्या वेळचा आवाज, उजेड आणि माणसांची ये-जा बदलायला हवी असेल.

"कायदा परवानगी देत नाही"

हा तिसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा. "सही चालत नाही, इथिक्स कमिटी अडवेल, त्यापेक्षा नातेवाइकांनाच विचारू." सोय म्हणून हे ठीक आहे, पण कायदा असं म्हणत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. त्याच कायद्याचं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. ते सांगतं की मुलाखतीसुद्धा घ्यायच्या असतील, तर त्या व्यक्तीची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती घ्या. तिने ती कधीही मागे घेतली तरी चालेल. ज्यांना अशी संमती देता येत नाही त्यांच्यावर औषधाचे किंवा इतर उपचारांचे प्रयोग करायचे असतील, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी आणि कडक अटी आहेत. त्या असायलाच हव्यात. पण 'या लोकांशी बोलूच नका' असं कायद्यात कुठेही नाही.

याच कायद्याचं कलम ४ उपचारांच्या निर्णयांबद्दल आहे. त्यातलं तत्त्व इथेही उपयोगी पडतं: माणसाला निर्णय घेता येतो असं आधी धरा. माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, चित्रं दाखवून, खुणांनी द्या. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा सांगतात की दुर्बल गटांनाही संशोधनात सहभागी होण्याचा समान हक्क आहे, नाहीतर संशोधनाचा फायदा त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. संरक्षणाच्या नावाखाली कायमचं बाहेर ठेवणं, याला संरक्षण म्हणत नाहीत.

सही चालते, मत चालत नाही

आता तुमच्याशी भांडण. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव, जिथे बघाल तिथे पुनर्विकास चालू आहे. खोली बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असते. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा हवा असतो. त्या दिवशी "बाबांना काय कळतंय" असं कुणी म्हणत नाही. हात धरून सही घेतली जाते. दुसऱ्या दिवशी तेच बाबा म्हणाले, "मला त्या केंद्रात पाठवू नका", तर आपण म्हणतो, "अहो, त्यांचं काय मनावर घेता!"

वैद्यकीयदृष्ट्या हे नेमकं उलटं आहे. निर्णयक्षमता हा दिव्याच्या बटणासारखा प्रकार नसतो, की एकतर चालू नाहीतर बंद. ती प्रत्येक निर्णयासाठी वेगळी तपासायची असते. करारनामा समजायला चौरस फूट, भाडं, ताबा, वारस इतक्या गोष्टी डोक्यात एकत्र धराव्या लागतात. मध्यम डिमेन्शिया असलेल्या माणसाला ते बहुधा जमणार नाही. पण 'इथे येऊन बरं वाटतं की नाही' हे सांगायला त्यातलं काहीच लागत नाही. म्हणजे जिथे क्षमता सर्वात जास्त लागते तिथे आपण सही घेतो, आणि जिथे सर्वात कमी लागते तिथे तोंडही उघडू देत नाही.

"त्यांना त्रास होईल"

हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. परीक्षा घेतली तर त्रास होतो. "आज वार कोणता? शंभरातून सात वजा करा" हे प्रश्न शेजाऱ्यांसमोर विचारले, तर कुणालाही अपमान वाटेल. मत विचारलं तर सहसा उलटं होतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याकडे बघून बोलतंय, हे त्यांना जाणवतं. त्रासाची चिन्हं दिसली तर थांबायचं, एवढा नियम पाळला की पुरे.

विचारायची पद्धत मात्र शिकावी लागते. ती अशी:

१. वेळ त्यांच्या सोयीची. बहुतेकांना सकाळ बरी जाते. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी लावली आहे ना ते आधी बघा. ऐकूच आलं नाही म्हणून न दिलेलं उत्तर आपण 'समजत नाही' असं लिहितो.

२. एका वेळी एकच छोटा प्रश्न. 'गेल्या महिन्यात सेवा कशी वाटली?' असं विचारू नका. त्या खोलीत, त्या खुर्चीजवळ नेऊन 'इथे बसायला आवडतं का?' असं विचारा.

३. उत्तराला वेळ द्या. मनात हळूहळू वीस अंक मोजा. शेजारून उत्तर देणाऱ्या नातेवाइकाला प्रेमाने थांबवा.

४. चित्रं, फोटो, वस्तू वापरा. बोलता येत नसेल तर बोटाने दाखवता येतं.

५. त्यांच्या बोलीत बोला. आजी, आबा, काकू, मास्तर, घरात आणि वाडीत ज्या नावाने मान मिळाला त्याच नावाने हाक मारा. बाळाशी बोलतो तसं बोलू नका.

६. संमती एकदाच घेऊन थांबू नका. दर भेटीला पुन्हा विचारा. तोंड फिरवलं, उठून गेले, हात झटकला, तर तो नकार आहे. कागदावर मुलाची सही असली तरी.

जे अजिबात बोलू शकत नाहीत त्यांचं काय?

आजार खूप पुढे गेला की शब्द संपतात, हे खरं आहे. तेव्हाही वाचता येण्यासारखं पुष्कळ उरतं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी एक पद्धत बसवली. निरीक्षक केंद्रात बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतो: हा माणूस आत्ता काय करतोय, रमलाय की त्रासलाय, कर्मचाऱ्याने त्याच्याशी बोलून भरवलं की गप्पा मारत घास कोंबला. वेदना ओळखायलाही अशीच पद्धत आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि जवळ घेतल्यावर शांत होणं या पाच गोष्टी बघायच्या. न बोलणाऱ्या बाळाला कुठे दुखतंय हे आईला कळतं, कारण ती बघते. आपण बघायचं सोडून फॉर्म भरतो.

दुसरीकडे काय घडतं

स्कॉटलंडमध्ये २००२ मध्ये डिमेन्शियाचं निदान झालेल्या लोकांनीच एक कार्यगट सुरू केला. त्यात पुढाकार होता जेम्स मॅकिलॉप यांचा. या गटाने २०१४ मध्ये 'आमच्यावर संशोधन करायचं तर असं करा' अशी तत्त्वंच लिहून प्रसिद्ध केली: आमचा अनुभव हेही ज्ञान समजा, आम्हाला सुरक्षित वाटू द्या, भाषा जपून वापरा, संशोधकांना प्रशिक्षण द्या, आमच्या वेळेच्या गतीने चाला. त्याच वर्षी 'डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल' ही संघटना निघाली. ती चालवणारे सगळे स्वतः हा आजार असलेले.

तिथली निदानं लवकर होतात, सोयी जास्त आहेत, हे मला मान्य आहे. आपल्याकडे निदान उशिरा होतं आणि झालं तरी घरात लपवलं जातं. "वेड लागलं म्हणतील, मुलीचं लग्न अडेल" हे आजही ऐकू येतं. पण प्रश्न विचारायला ना यंत्र लागतं, ना अनुदान. दोन मोकळ्या खुर्च्या आणि अर्धा तास लागतो.

'अस्तु' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात अल्झायमर झालेल्या प्राध्यापकांचं काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तो पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी मी एकच वाक्य ऐकलं: "मुलीचे किती हाल!" ते बरोबरच होतं. पण पडद्यावर एक माणूस हत्तीमागे निघून गेला होता आणि त्याला त्या हत्तीजवळ काहीतरी मिळालं होतं. ते काय असेल, यावर मी फारशी चर्चा ऐकली नाही.

तुम्ही काय करू शकता

घरी कुणी पाहणीसाठी आलं, संस्थेचे लोक असोत, नर्सिंगच्या मुली असोत किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, तर त्यांना सांगा: "आमची उत्तरं देतोच, पण आधी त्यांच्याशी बोला." फॉर्ममध्ये तसा रकाना नसेल, तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लावा.

डे-केअर किंवा ब्युरोची मावशी ठरवताना रुग्णाला एक दिवस तिथे किंवा तिच्याबरोबर राहू द्या आणि त्याच वेळी विचारा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

निदान लवकर झालं असेल, तर आत्ताच एक वही करा. काय आवडतं, काय सहन होत नाही, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते, अंघोळ कधी, चहा किती गोड, कोण जवळ असलेलं हवं. त्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढे शब्द जातील तेव्हा ही वही बोलेल.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि इथिक्स कमिट्यांवर बसणाऱ्यांना एकच विनंती. डिमेन्शियाच्या सेवांवरचा प्रस्ताव टेबलावर आला, की विचारा: यात रुग्णाला का वगळलं आहे? आज उलटा प्रश्न विचारला जातो, त्यांना का घेतलं आहे? कारण देण्याची जबाबदारी वगळणाऱ्यावर असू द्या.

आणि २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, तुमच्या विभागात कार्यक्रम असेल तर आयोजकांना फोन करून विचारा: व्यासपीठावर हा आजार असलेलं कुणी बोलणार आहे का? बहुतेक वेळा ते पहिल्या रांगेत शाल-श्रीफळासाठी बसवलेले असतात. उत्तर 'नाही' आलं, तर पुढच्या वर्षीसाठी एखादं नाव सुचवा. ते तुमच्याच घरातलं असेल, तर आधी त्यांना विचारून.